जुलाबाच्या साथीची चौकशी मागताना अर्ज कुठे अडकतो

वाडीत बऱ्याच घरांत एकदम जुलाब, पोटात मुरडा, आव सुरू झाली की चौकशीची मागणी कोणीही करू शकतो: रहिवासी, आशाताई, शाळेचे गुरुजी. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा, प्रती तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतीला. फी नाही. ग्रामसभेच्या ठरावाचीही गरज नाही. तरी 'आधी ठराव आणा' म्हणून माणसं माघारी पाठवली जातात, आणि आजारी पोरं तोवर तेच पाणी पितात. तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

अर्ज खरा अडतो तो रुग्णांच्या यादीपाशी. 'वाडीत पुष्कळ लोक आजारी आहेत' एवढ्यावर कोणी हलत नाही. नाव, वय, घर, त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला आणि पिण्याचं पाणी कुठलं, एवढं प्रत्येकाचं लिहा. तारीख आठवत नसेल तर बाजाराचा वार, सण विचारा, आठवते. ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्याही पाण्याची नोंद करा, कारण दोन्हींची तुलना केल्यावरच संशयित विहीर कळते. जिआर्डिया आणि अमिबा हे आतड्यात राहणारे परजीवी जंतू. जिआर्डियाची लक्षणं साधारण 1 ते 2 आठवड्यांनी दिसतात, अमिबाची बहुधा 2 ते 4 आठवड्यांनी. म्हणून कालचं पाणी आठवून उपयोग नाही. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतल्यावर आजारी पडतात आणि यादीतून सुटतात. त्यांना फोन करून विचाराच.

शौचाचा नमुना औषध सुरू होण्याआधी द्या. मेट्रोनिडाझोलच्या (या परजीवींवरच्या औषधाच्या) गोळ्या घेतल्यावर परजीवी सापडणं कठीण होतं. पण लहान मूल मलूल पडलं असेल तर नमुन्यासाठी थांबू नका, आधी ओआरएस आणि डॉक्टर. जंतू रोज पडतातच असं नाही, त्यामुळे एका नमुन्यात काही दिसलं नाही तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन तपासून घ्या. पातळ शौचातला हलणारा अमिबा अर्ध्या तासात पाहावा लागतो. केंद्र लांब असेल तर नमुना जतन करण्याच्या द्रावणाची डबी मागून घ्या.

पाण्याचा नमुना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी घ्यायला लावा. साथीची कुणकुण लागताच विहिरीत पावडर पडते, मग नमुना जातो आणि अहवाल येतो 'पिण्यास योग्य'. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. हे तास नमुना भरल्यापासून मोजतात, कार्यालयात दिल्यापासून नव्हे. शनिवारी भरलेली बाटली सोमवारपर्यंत निरुपयोगी होते.

'योग्य' शेरा पाहून अर्ज मागे घेऊ नका. ती नेहमीची तपासणी कोलिफॉर्म जीवाणूंची, म्हणजे पाणी घाणीने दूषित झाल्याची खूण देणाऱ्या जीवाणूंची असते. जिआर्डिया किंवा क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब करणारा आणखी एक परजीवी) त्यात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी दहा-दहा लिटर पाणी गाळून पाहावं लागतं. क्रिप्टोस्पोरिडियम तर नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून अर्जात 'परजीवींसाठी तपासणी' असं स्पष्ट लिहा.

विहिरीभोवतीची पाहणीही मागा. आपला जांभा दगड भेगाळ, पावसात वरच्या अंगाच्या शोषखड्ड्यातलं पाणी झिरपत थेट विहिरीला मिळू शकतं. विहीर खाजगी आहे म्हणून वगळतो म्हणाले, तर वाडी तिचं पाणी पिते हे यादीवरून दाखवा.

चौकशी होईपर्यंत पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या, आणि मगच प्या.