हार्ट ऑफ ग्लास

हार्ट ऑफ ग्लास : न्यूयॉर्कच्या ब्लाँडी या न्यू वेव्ह (पंक रॉकमधून निघालेली संगीतशैली) बँडचे गाजलेले सिंगल (स्वतंत्र तबकडीवर निघालेले गाणे). रचना गायिका डेबी हॅरी व गिटारवादक क्रिस स्टाइन यांची. निर्माता माइक चॅपमन. क्रिसलिस कंपनीच्या ‘पॅरलल लाइन्स’ (सप्टेंबर १९७८) या अल्बममध्ये हे गाणे प्रथम आले आणि जानेवारी १९७९ मध्ये सिंगल म्हणून निघाले. पॉप रॉक, न्यू वेव्ह आणि डिस्को (ठेक्यावर चालणारे नृत्यसंगीत) या तिन्ही सदरांत त्याची नोंद होते.

रचनेचा काळ साधारणपणे १९७४-७५ मानला जातो. तेव्हा बँडशी कोणत्याही कंपनीचा करार झालेला नव्हता. १९७५ च्या चाचणी-मुद्रणात हे गाणे ‘वन्स आय हॅड अ लव्ह’ या नावाने, बरेच संथ आणि फंक या तालप्रधान कृष्णवर्णीय अमेरिकन शैलीच्या अंगाने गायलेले आढळते. बँडमधील मंडळी त्याला ‘डिस्को साँग’ म्हणत. मूळ बांधणीमागे ह्यूज कॉर्पोरेशन या अमेरिकन गायकगटाच्या ‘रॉक द बोट’ची प्रेरणा होती, असे स्टाइन सांगतात. ते गाणे १९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, त्यामुळे वरील कालनिश्चितीला आधार मिळतो.

गाण्याला डिस्कोचे वळण कोणी दिले, याबद्दल संबंधितांच्याच आठवणी जुळत नाहीत. हॅरी यांना डिस्को गायिका डोना समर आवडते असे कळल्यावर आपण त्या दिशेने मांडणी बदलली, असे चॅपमन यांचे म्हणणे. बँडच्या बाजूने सांगितले जाते ते क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जर्मन गटाचे आकर्षण आणि स्टाइन व कीबोर्डवादक जिमी डेस्ट्री यांनी आणलेले तालयंत्र. मे १९७८ मध्ये, म्हणजे अल्बमच्या ध्वनिमुद्रणाआधी, ब्लाँडीने सीबीजीबी या न्यूयॉर्कमधील क्लबमध्ये समर यांचे ‘आय फील लव्ह’ सादर केले होते. हे लक्षात घेता बँडचा कल आधीच तयार होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डिस्को गाण्याच्या जुन्या नावातच होता. चॅपमन यांच्या हाताखाली बदलली ती डिस्कोची जात. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन गायनशैलीच्या मवाळ वळणाच्या जागी यंत्राच्या ठोक्यावर चालणारी युरोपीय घडण आली. चॅपमन यांचे श्रेय याने कमी होत नाही.

ध्वनिमुद्रण १९७८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत झाले. रोलँड कंपनीचे सीआर-७८ हे तालयंत्र त्याच वर्षी बाजारात आले होते. त्यातून निघणारा विद्युत्-स्पंद सिंथेसायझरला देऊन त्याचे स्वर ठोक्याशी बांधले गेले. वाद्ये परस्परांना जोडणारे मिडी हे मानक १९८३ चे. त्याआधी हे काम किती जिकिरीचे होते, हे आजच्या श्रोत्याला सहज उमगणार नाही. ड्रमवादक क्लेम बर्क यांना यंत्राशी तंतोतंत जुळवून वाजवावे लागले आणि ड्रमचे भाग वेगवेगळे मुद्रित करण्यात आले. यंत्राची ही काटेकोर चौकट आणि तिच्यावर तरंगणारा हॅरी यांचा पातळ, उंच, अलिप्त स्वर यांतच गाण्याचे खरे सौंदर्य आहे.

वाद्यांच्या मधल्या तुकड्यात सात मात्रांची आवर्तने येतात. आपल्याकडील रूपक तालाशी मात्रासंख्या जुळली, तरी रूपकाचे तीन-दोन-दोन खंड येथे नाहीत. चार-चार मात्रांच्या जोडीतून शेवटची एक मात्रा गाळल्यासारखी ही रचना आहे. नाचणाऱ्याचे पाऊल तिथे चुकते. डिस्को गाण्यात असे धाडस विरळाच.

फेब्रुवारी १९७९ मध्ये गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले व चार आठवडे तिथे राहिले. त्या देशात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. एप्रिलअखेर अमेरिकेतही ते अव्वल ठरले. बँडचे तेथील हे पहिलेच अव्वल गाणे. पंक वर्तुळातील जुन्या सहकाऱ्यांनी मात्र बँड बाजारू झाल्याचा आरोप केला. चित्रफितीचे दिग्दर्शन स्टॅन्ली डॉर्फमन यांचे. ती ‘स्टुडिओ ५४’ या क्लबमध्ये चित्रित झाल्याचा समज रूढ आहे. स्टाइन यांनी तो नाकारला आहे.

गाण्याच्या आवृत्त्यांबाबत घोटाळा होतो. अल्बमच्या पहिल्या प्रतींत सुमारे ३ मिनिटे ५४ सेकंदांचे मुद्रण आहे. १९७९ पासूनच्या अनेक प्रतींत त्याजागी सुमारे ५ मिनिटे ५० सेकंदांची, बारा इंची तबकडीवरील डिस्को आवृत्ती घातलेली आढळते.