नेटवर्कवरून विंडोज मारणं

नेटवर्कवरून विंडोज मारणं म्हणजे सीडी, डीव्हीडी, पेनड्राईव्ह काहीच न लावता नुसत्या लॅनच्या वायरीतून कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं. 'विंडोज मारणं' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की मला एकाने "भाऊ, ते उबंटूवालं विंडोज मारून द्या" असंही सांगितलंय, म्हणून नाव तेच ठेवलं. पुस्तकी नाव पीएक्सई बूट, बोलताना 'पिक्सी'. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजच्या लॅबा, आयटीआय, एमएससीआयटीची सेंटरं, ऑनलाईन परीक्षेचे हॉल अशा ठिकाणी एकाच मेकचे वीस-चाळीस पीसी रांगेने मांडलेले असतात, तिथे ही पद्धत कामाची. घरच्या एका पीसीसाठी एवढा खटाटोप कोणी करू नये, पेनड्राईव्ह लावा आणि मोकळे व्हा.

काम कसं चालतं ते बघा. पीसी चालू करून एफ१२ दाबलं (काही मेकला दुसरं बटण असतं) की लॅन कार्डातला छोटा प्रोग्राम जागा होतो आणि नेटवर्कवर हाक मारतो, मला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोण देतं आणि बूट कशावरून करू. ह्या हाकेला डीएचसीपी सर्व्हर (आयपी वाटणारा) उत्तर देतो, त्यात आयपी असतो, फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे ते असतं आणि फाईलचं नाव असतं, हे शेवटचे दोन म्हणजे डीएचसीपीच्या निरोपातले नंबरवाले रकाने, ऑप्शन ६६ आणि ६७. मग पीसी ती फाईल टीएफटीपीने (फाईल ओढायची अगदी साधी पद्धत) ओढतो, पोर्ट ६९, आणि त्या छोट्या फाईलीतून मेन्यू येतो, मेन्यूतून लिनक्सचा कर्नल (गाभा) किंवा विंडोजचं विनपीई (इन्स्टॉलपुरतं छोटं विंडोज) मेमरीत चढतं, आणि खरा मोठा माल त्यानंतर एचटीटीपी (वेबसाईटवाली पद्धत), एनएफएस (लिनक्सकडचं फाईल शेअरिंग) नाहीतर विंडोज शेअरिंगवरून येतो.

टीएफटीपी मात्र फार गरीब गडी आहे. मूळ नियमाप्रमाणे तो एका वेळी ५१२ बाइटच देतो आणि 'मिळालं' असं उत्तर आल्याशिवाय पुढचं पाकीट सोडत नाही. सावद्याला केळीची गाडी भरताना खालच्याने एक घड वर द्यावा, वरच्याने तो नीट रचून 'हं' म्हणावं, मग दुसरा घड उचलावा, तसलाच प्रकार. पाकिटाचा नंबर १६ बिटांचा, म्हणून जुन्या साध्या टीएफटीपीत ३२ एमबीच्या वरची फाईल जातच नव्हती. १९९५ साली पाकिटाचा आकार वाढवायची सोय आली तेव्हा जरा सुटका झाली. विनपीईची फाईल काही शे एमबीची असते, ती चढताना स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते आणि नवीन पोरांना वाटतं हँग झालं, मग ते पॉवरचं बटण दाबतात. दाबू नका.

ही सगळी मंडळी वेगवेगळ्या वेळी जन्मली. टीएफटीपी १९८१ चा, डीएचसीपीचा बाप बूटपी १९८५ चा, डीएचसीपी १९९३ चा, आणि हे सगळं एकत्र बांधून इंटेलने पीएक्सईचा २.१ हा नियम सप्टेंबर १९९९ मध्ये काढला, तोच अजून चालतोय. आयपीएक्सई नावाचं जास्त हुशार फुकट सॉफ्टवेअर २०१० पासून आहे, ते एचटीटीपीने फाईल ओढतं म्हणून मी शक्यतो तेच वापरतो.

आता माल टाकायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे इमेज, आपल्याकडे तिला अजून 'घोस्ट मारणं' म्हणतात, घोस्ट सॉफ्टवेअर नसलं तरी. एक पीसी नीट तयार करायचा, टायपिंगचे फॉन्ट, ऑफिस, टॅली, सी-प्लस-प्लस सगळं टाकून, आणि त्याचीच छाप सगळ्यांवर. क्लोनझिला आणि फॉग ही फुकटातली दोन नावं. विंडोजची छाप काढण्याआधी सिसप्रेप (पीसीची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन) चालवायचं विसरू नका, नाहीतर चाळीसच्या चाळीस पीसी एकाच नावाचे निघतात आणि नेटवर्कवर एकमेकांशी भांडतात. दुसरी तऱ्हा उत्तरपत्रिकेची. इन्स्टॉल करताना जे प्रश्न येतात, भाषा कोणती, पार्टिशन किती, युजर कोण, त्यांची उत्तरं आधीच एका फाईलीत लिहून ठेवायची. रेडहॅटमध्ये किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, उबंटूत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल, विंडोजमध्ये अनअटेंड. माझं मत विचाराल तर पीसी सगळे एकसारखे असतील तर छाप, मिसळ असेल तर उत्तरपत्रिका.

वेळेचा हिशोब साधा आहे. समजा इमेज ५ जीबीची आणि पीसी ४०, म्हणजे वायरीतून २०० जीबी जायला हवेत. सर्व्हर १०० एमबीपीएसच्या पोर्टात खोचला तर सेकंदाला साधारण साडेअकरा एमबी, म्हणजे पावणेपाच-पाच तास. तोच सर्व्हर स्विचच्या गिगाबिट पोर्टात खोचला तर अर्ध्या तासाच्या आसपास. लॅबमधल्या जुन्या २४ पोर्टच्या स्विचला बहुतेक कोपऱ्यात एक-दोन गिगाबिट पोर्ट असतात, ते सोडून लोक सर्व्हर मधल्याच कुठल्यातरी भोकात खोचतात आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या देतात. मल्टिकास्ट जमलं तर माल एकदाच सुटतो आणि सगळे एकदम झेलतात, पण स्वस्तातल्या स्विचवर ते नीट चालेलच असं नाही, आणि एक पीसी मागे पडला की सगळी रांग त्याच्यासाठी थांबते.

खान्देशात लॅबचं हे काम मे-जूनमध्येच निघतं, पोरं सुट्टीवर असतात म्हणून. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकलेला, खोलीत कूलरचा आवाज, आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. एका कॉलेजात (नाव नको) मी दुपारी सव्वीस पीसी मारून हात धुतले होते. लाईट गेली. शिपाईदादा दारातून म्हणाले, "गयी ना भो." सर्व्हर आणि स्विच इन्व्हर्टरवर होते म्हणून मी निवांत होतो. वीस मिनिटांनी लाईट आली आणि सगळे पीसी आपोआप चालू झाले, कारण लाईट आली की चालू व्हायचं असं बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आधीच्या कोणीतरी ठेवलेलं. बूटचा पहिला नंबर मी नेटवर्कला दिलेला, सर्व्हर जागाच, मेन्यू दहा सेकंदांत स्वतःहून 'इन्स्टॉल' निवडणारा. चहा पिऊन येतो तर सव्वीसच्या सव्वीस स्क्रीनवर पार्टिशन पुसायची पट्टी. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून मेन्यूत पहिला पर्याय 'हार्डडिस्कवरून चालू हो' हाच ठेवतो आणि इन्स्टॉल हाताने निवडावं लागतं.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी. ऑफिसातला वायफाय राऊटर आयपी वाटतोय आणि आपलाही सर्व्हर वाटतोय, मग कोणाचं उत्तर आधी पोचेल ते नशीब, आणि आपला जिंकला तर ऑफिसचं इंटरनेट जातं, तेही नेमकं ॲडमिशनच्या दिवशी. त्यावर उपाय प्रॉक्सी डीएचसीपी, त्यात आयपी राऊटरच देतो आणि बूटची माहिती तेवढी आपण देतो, डीएनएसमास्क ह्या छोट्या प्रोग्रामने हे होतं. स्क्रीनवर ई५१ आलं तर आयपी देणारा सापडला नाही, ई५३ आलं तर आयपी मिळाला पण फाईलचं नाव नाही मिळालं, ई६१ आलं तर आधी वायर बघा. आमच्याकडे निम्म्या वेळा उंदरांनी कुरतडलेली वायर निघते.

नवीन पीसी युईएफआयवाले (बायोसच्या जागी आलेली नवीन पद्धत) असतात, त्यांना जुन्या बायोसची बूट फाईल चालत नाही. पीसी आपण कोणत्या जातीचे ते ऑप्शन ९३ मध्ये सांगतो, शून्य म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४ बिट युईएफआय, त्यावरून सर्व्हरला वेगळी फाईल द्यायला शिकवावं लागतं. सिक्युअर बूट (अनोळखी बूट फाईल अडवणारं सेटिंग) चालू असेल तर सहीवालीच फाईल लागते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूडीएसवर (नेटवर्कवरून विंडोज टाकायची त्यांची सर्व्हरवरची सोय) विसंबलेल्यांसाठी एक सूचना, विंडोज ११ च्या डीव्हीडीतली बूट फाईल तशीच्या तशी डब्ल्यूडीएसमध्ये टाकून सेटअप चालवणं आता बंद केलंय, स्वतःचं विनपीई बनवावं लागतं.

आणि पीएक्सईला ओळख-पाळख काही कळत नाही, जो आधी उत्तर देईल त्याची फाईल पीसी चालवतो. उत्तरपत्रिकेत ॲडमिनचा पासवर्ड लिहिलेला असेल तर त्याच वायरीवरचा कोणीही पोरगा ती फाईल ओढून वाचू शकतो, म्हणून काम झालं की मी सर्व्हरची वायरच काढून घेतो.