सीडी-४ चं रक्त बर्फात आणू नका

सीडी-४ म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या रक्तपेशी. त्या मोजायला अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडची बरीच मंडळी गावातच रक्त काढून, ट्यूब बर्फात घालून एसटीने आमच्या लॅबमध्ये आणतात. सोलापूरचं ऊन बघता काळजीपोटीच आणतात. पण असं रक्त आम्ही घेत नाही. सीडी-४ तपासणीत मशीन शाबूत पेशी मोजतं. गार पडलेल्या रक्तात त्या बिघडतात आणि आकडा खरा येत नाही. जांभळ्या टोपणाची ट्यूब खोलीच्या तापमानालाच ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. एसटीच्या खिडकीशी तापलेलीही चालत नाही. रक्त परत पाठवलं की राग येतो, ठाऊक आहे. पण चुकीचा आकडा डॉक्टरांपुढे ठेवण्यापेक्षा पुन्हा सुई टोचलेली बरी. त्यापेक्षा स्वतःच या. उपाशीपोटी नको, चहा-नाश्ता करून या.

"मागच्या वेळी ६०० होता, आता ५१०. औषध लागू पडेना का?" हे तर रोजचंच. निरोगी माणसाचा सीडी-४ एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतो. तो सकाळी कमी, संध्याकाळी जास्त भरतो. ताप, स्टेरॉइड यांनीही हलतो. साधारण ३० टक्क्यांच्या आतला फरक एवढ्यावरून घाबरण्यासारखा नसतो. म्हणून दरवेळी ठरावीक वेळी, एकाच लॅबमध्ये तपासा. ती आमची असावी, असं आम्हाला वाटणारच!

औषध सुरू नसेल तर एचआयव्ही किती वेगाने पुढे सरकेल, याचा अंदाज व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावरून येतो. प्रतिकारशक्ती आज किती उरलीय ते सीडी-४ सांगतो. तो २०० च्या खाली गेला की न्यूमोनियासारख्या संसर्गांचा धोका बराच वाढतो. वाढतं वय, टीबी, घटलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन हीही वाईट लक्षणं. डॉक्टर सोबत सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) लिहितात ते उगाच बिल वाढवायला नव्हे.

व्हायरल लोड 'आढळला नाही' आला म्हणून गोळ्या सोडू नका. सोडल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो.

सरकारी एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात) नाव असेल तर औषधं आणि या तपासण्या तिथे मोफत होतात. आधी तिथे विचारा. मध्येच डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर आम्ही आहोतच. घरी येऊनही रक्त घेतो, गाडीवर लॅबचं नाव नसतं. रिपोर्ट फोनवर किंवा नातेवाइकांकडे देत नाही, बंद पाकिटात तुमच्याच हाती देतो.

व्हायरल लोडचा नमुना पुण्याला जातो. रविवारी कुरिअर नसतं, म्हणून शनिवारी दुपारनंतर त्यासाठी येऊ नये.