परदेशात शिक्षकाची नोकरी: अर्ज कधी करायचा आणि कुठला कागद आधी काढायचा

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या गोव्यातले बरेच शिक्षक परदेशातल्या नोकरीचं मनावर घेतात, आणि मग जून-जुलैत फोन सुरू होतात की ऑफर आलीय पण डिग्रीचं अटेस्टेशन (ती खरी असल्याचे सरकारी शिक्के) झालेलं नाही, शाळा पंधरा दिवसांत कागद मागतेय. शिकवण्यात कुठेही कमी नसलेली माणसं फक्त कागदांचा क्रम चुकल्यामुळे मागे राहतात, ते बघवत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी भरतीचं कॅलेंडर. आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे त्यांच्या मुलाखती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ब्रिटिश आणि अमेरिकन बोर्डाच्या शाळा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात उघडतात, पण चांगल्या जागा आधीच्या हिवाळ्यापासून मार्चपर्यंत भरत येतात. इंग्लंडमध्ये ऑगस्टअखेर शाळा सोडायची तर शिक्षकाला ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे तिथे एप्रिल-मेमध्ये जाहिरातींचा पूर येतो आणि जूननंतर उरतं ते उरलेलं. म्हणजे आपली सुट्टी सुरू होते तेव्हा त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. चतुर्थी झाली की बघू म्हणणाऱ्यांनी चतुर्थीनंतर पुढच्या वर्षाची तयारी सुरू करावी, ती वेळ खरं तर एकदम बरोबर आहे. आणि २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलेत, तेव्हा मधेच वर्ग सोडून जायचं असेल तर नोटीस पिरियड किती ते नेमणूकपत्रात आत्ताच वाचून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. काही कागद एकदा केले की कायमचे, डिग्रीचं अटेस्टेशन, लग्नाचा दाखला, अनुभवाचा दाखला. काही कागदांना मुदत असते, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणजे पीसीसी, मेडिकल, टीबी टेस्ट. लोक नेमकं उलटं करतात. पीसीसी पासपोर्ट सेवा वेबसाइटवर ऑनलाइन भरता येतो आणि लवकर मिळतो म्हणून तो आधी काढतात, डिग्रीला सहा ठिकाणी फिरवायचं म्हणून ती ढकलत राहतात, आणि डिग्री तयार होईपर्यंत पीसीसी जुना झालेला असतो. शाळा ताजा मागते, पुन्हा फी, पुन्हा पोलीस व्हेरिफिकेशन. तेव्हा कायमचे कागद नोकरी शोधायच्या आधी, मुदतीचे कागद ऑफर हातात आल्यावर.

डिग्रीचा प्रवास असा: युनिव्हर्सिटीचं व्हेरिफिकेशन, मग राज्य सरकारचा शिक्का, मग केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय. राज्य सरकार म्हणजे ज्या राज्यातून डिग्री मिळाली ते राज्य, तुम्ही राहता ते नाही, आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. बीए गोवा विद्यापीठाचं पण बीएड कोल्हापूर किंवा धारवाडचं अशी माणसं पेडणे, डिचोली, सत्तरीत कितीतरी आहेत. त्यांनी दोन्ही डिग्र्या घेऊन पर्वरीला गोव्याच्या सचिवालयात खेटे घालून उपयोग नाही, कोल्हापूरच्या डिग्रीचं काम महाराष्ट्रात आणि धारवाडच्या डिग्रीचं कर्नाटकातच होणार. खिडकीवर हे पहिल्या दिवशी सांगितलं तर माणसाचा एक महिना वाचेल, पण सांगत नाहीत, कागद ठेवून घेतात आणि मग परत करतात.

पुढचा फरक देशाचा. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अपोस्टिल मानतात (एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारं एकच प्रमाणीकरण), म्हणजे मंत्रालयाचा तो चौकोनी स्टिकर लागला की एम्बसीत जावं लागत नाही. यूएई, कतार, कुवेत हे त्या करारात नाहीत, तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. दुबईला जाणाऱ्याला अपोस्टिल करून देणारे एजंट आहेत, पैसे गेले आणि कागद निरुपयोगी. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, बाकी सगळा मधल्या माणसाचा चार्ज, एवढं माहीत असलं तरी बोलणी नीट होतात. यूएईच्या काही शाळा वर युनिव्हर्सिटीचं पत्रही मागतात की कोर्स रेग्युलर होता की डिस्टन्स, ते व्हेरिफिकेशनला जाल तेव्हाच मागून घ्या.

नावाचं प्रकरण बायकांना जास्त छळतं. दहावीचं सर्टिफिकेट आणि डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मधे आडनावाचं स्पेलिंग, कुठे प्रभुदेसाई जोडून तर कुठे प्रभू देसाई तोडून, कुठे गावकर कुठे गांवकर. तिथल्या क्लार्कला ही दोन माणसं वाटतात, त्याचा दोष नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला डिग्रीसोबतच अटेस्ट करून घ्या, आणि नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल तर तो अर्ज करण्याआधी मिटवा, त्यातच महिने जातात.

अनुभवाचा दाखला कोणी मनावर घेत नाही, पण बऱ्याच शाळा दोन वर्षं पूर्णवेळ अनुभव मागतात आणि आपल्याकडे बरीच तरुण मंडळी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पगारावर आहेत. दाखल्यात नुसतं ‘कार्यरत होते’ लिहून आणू नका, विषय, इयत्ता, आठवड्याचे तास, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लेटरहेडवर यायला हवं. हेडमास्तर बदलले की हा कागद मिळवणं अवघड होतं, म्हणून शाळा सोडतानाच घ्या.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी वेगळं. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतातले शिक्षक तिथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत दर्जासाठी, थेट ऑनलाइन अर्ज करू शकतात, त्याला फी नाही, पण भारतीयांना ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता लागते, समाजशास्त्रवाल्यांनी हे आधी वाचावं. आणि या अर्जासोबत तिथलं शिक्षण खातं मागतं तुमच्या शिक्षकी दर्जाचं अधिकृत पत्र, जे आपल्याकडे कोणाकडेच तयार नसतं, कारण डॉक्टरांसारखं शिक्षकांचं रजिस्टर भारतात नाही, एनसीटीई (शिक्षक प्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची संस्था) कोर्सला मान्यता देते, माणसाची नोंद ठेवत नाही. कोणाच्या सहीचं पत्र चालेल ते त्यांच्या साइटवर वाचून, प्रिंट काढून, मगच आपल्या शिक्षण खात्यात जा, नाहीतर ‘असलं पत्र आम्ही देत नाही’ हे ऐकून परत याल. व्हिसाचा अर्ज कामाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो, टीबीचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं, तेव्हा दोन्हीची घाई नको. पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून इंग्लंडात सरळ काम करता येईल हा समज अजून आहे, पण १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्याला त्यावरही वर्क व्हिसा लागतो.

शेवटी एजंट. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणी असलेलाच घ्या, त्याला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. दीड-दोन लाख मागणारा, किंवा व्हिजिट व्हिसावर चला तिथे गेल्यावर बदलू म्हणणारा असेल तर उठून या. आणि सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट आणि वर्क व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत इथला राजीनामा देऊ नका, नोटीस पिरियड आड येतोय असं वाटलं तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागा, बऱ्याच शाळा देतात.