निळं आभाळ जांभळं का छापलं जातं?

पडद्यावर आभाळ स्वच्छ निळं असतं. फाईल प्लॉटरला, म्हणजे मोठ्या कागदावर छापणाऱ्या यंत्राला जाते, कागद हळूहळू बाहेर सरकतो, आणि आभाळ जांभळट निघतं. मोठी छपाई करणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. अशा वेळी हात आपसूक रंग कमी-जास्त करण्याकडे जातो: मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) थोडा उतरव, सायन (हिरवट निळी शाई) थोडा चढव. एक प्रिंट सुधारते, पुढची पुन्हा बिघडते. मी ठामपणे सांगेन, आधी शाई किती पडते ते बघा. रंगाला हात त्यानंतर लावा.

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. कागदावरची शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. सायन तांबडा प्रकाश गिळतो, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी शाई निळा. या हिशेबाने सायन आणि मॅजेंटा एकावर एक पडले की फक्त निळा उरायला हवा. पण खऱ्या शाया इतक्या काटेकोर नसतात. मॅजेंटा हिरव्याबरोबर थोडा निळाही खाते, सायनकडून तांबडा पुरता गिळला जात नाही, आणि उरलेल्या प्रकाशाला जांभळी झाक येते. म्हणूनच निळ्या भागात मॅजेंटाचा आकडा (शाईचे टक्के) सायनपेक्षा साधारण 30ने कमी ठेवण्याची छपाईतली जुनी रीत आहे. याच दोषामुळे तिन्ही शाया मिसळून काळा न येता मळकट तपकिरी येतो, आणि काळी शाई वेगळी भरावी लागते.

आता एकाच थेंबाकडे पाहू. 4 पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) थेंब हवेत असताना जेमतेम 20 मायक्रॉन रुंद असतो, केसाच्या जाडीपेक्षाही बराच लहान. साध्या कागदावर तो पडला की शाई तंतूंमधून आडवी पसरते आणि ठिपका फुगतो. लेप दिलेल्या कागदावर तोच थेंब वरच्या थरात जागच्या जागी बसतो. थेंब तोच, ठिपके दोन आकारांचे! अर्धा भाग झाकायला सांगितलेली जागा साध्या कागदावर त्याहून बरीच जास्त झाकली जाते, आणि फिकट छटा गडद होतात.

म्हणून छपाईच्या मेनूमधला कागदाचा प्रकार हा सगळ्यात वजनदार पर्याय आहे. किती शाई सोडायची, हेडने, म्हणजे शाई सोडत फिरणाऱ्या भागाने, एकाच पट्ट्यावरून किती वेळा जायचं, वाळायला किती वेळ द्यायचा, हे सगळं त्यावरून ठरतं. कागद चकचकीत आणि पर्याय साधा निवडलेला, असं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

चारही शाया पूर्ण सोडल्या तर बेरीज 400 टक्के होते. एवढी शाई बहुतेक कागदांना झेपत नाही. कागद ओला होऊन लाटांसारखा उचलला जातो, हेडला घासतो, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ही मर्यादा शोधायची तर चढत्या प्रमाणाचे चौकोन छापून भिंगाखाली धरा. एका टप्प्यानंतर शाई वाढली तरी रंग गडद होत नाही, नुसती चमक येते आणि शेजारच्या चौकोनात ओघळ शिरतो. त्याच्या अलीकडे थांबायचं. अर्थात त्याआधी नोझल (हेडमधली शाई सोडणारी बारीक छिद्रं) तपासणीची प्रिंट काढलेली हवी. चोक झालेल्या हेडवर केलेलं मोजमाप कुचकामी असतं.

मर्यादा ठरली की 10, 20, 30 टक्के अशा पायऱ्या खरोखर समान अंतराने गडद होतील असं कॅलिब्रेशन (यंत्र जुळवून घेणं), आणि मग प्रोफाइल, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग येतो याची नोंद असलेली फाईल. 1993 साली स्थापन झालेल्या आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम) या संघटनेने प्रोफाइलचा सामाईक साचा ठरवला. पडद्याचे आकडे आधी L*a*b* (‘लॅब’) सारख्या, कुठल्याही यंत्रावर अवलंबून नसलेल्या रंगमापनात जातात आणि तिथून शाईच्या आकड्यांत उतरतात. पण हे प्रोफाइल ठरावीक यंत्र, शाई, कागद आणि सेटिंग यांच्यापुरतंच खरं असतं. नंतर शाईची मर्यादा बदलली की ते खोटं ठरतं.

एक चूक फार वेळा दिसते. सॉफ्टवेअरने रंग बदलून दिलेले असतात आणि ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) ते पुन्हा बदलतो. या दोघांपैकी एकाचं रंगनियंत्रण बंद असलंच पाहिजे.

नकाशे आणि आराखड्यांची गोष्ट निराळी. तिथे बारीक काळी रेघ चार शायांची बनली आणि हेड किंचित हललेलं असलं, तर भिंगातून रेघेच्या एका कडेला सायन आणि दुसऱ्या कडेला मॅजेंटा दिसतो. रेघ फक्त काळ्या शाईने काढायला लावली की ती धारदार येते.

प्रिंट हातात आल्या आल्या निकाल देऊ नका. शाई वाळताना छटा थोडी बदलते, काही कागदांवर मोजण्याआधी अनेक तास थांबावं लागतं. पिवळ्या बल्बखाली राखाडी वाटलेली भिंत खिडकीपाशी हिरवट दिसू शकते. छपाईत रंग पाहण्यासाठी 5000 केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात. जांभळं वाटलेलं ते आभाळ पूर्ण वाळल्यावर त्या उजेडात एकदा धरून बघा.