शून्य बालमृत्यूची पाटी आणि पंचाहत्तर जन्म

‘उपकेंद्रात वर्षभरात एकही बालमृत्यू नाही’ अशी बातमी जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येते. फोटोत आरोग्यसेविकेच्या हातात प्रमाणपत्र असतं. शेजारच्या उपकेंद्रात त्याच वर्षी तीन बाळं दगावली, तर तिथे खुलासा मागवला जातो. आधी हिशोब मांडून बघू.

सपाटीवर एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरतात, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,०००. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक गावांत आणि शहरी भागांत जन्ममृत्यू मोजणारी सरकारी पाहणी) २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ होता. म्हणजे ५,००० वस्तीत वर्षाला ७५ जिवंत जन्म. सेविकेचं नियोजन याच आकड्यावर चालतं. गर्भपात आणि उपजत मृत्यूंसाठी वर १० टक्के धरले की वर्षभरात ८३ गरोदर माता होतात, आणि कुठल्याही दिवशी त्यातल्या निम्म्या, ४१-४२, रजिस्टरवर दिसायला हव्यात. पंचवीसच दिसल्या तर एक तर नोंद उशिरा होतेय, नाही तर वस्तीचा एखादा कोपरा सुटलाय. ऊसतोडीच्या गावांत तिसरं कारणही असतं: दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर गेलेलं असतं.

अर्भक मृत्युदर काढताना वर्षाच्या आत गेलेल्या बाळांना त्या वर्षीच्या जिवंत जन्मांनी भागायचं आणि हजाराने गुणायचं. छेदात लोकसंख्या येत नाही. हमखास चुकतं ते इथेच. २०२० मध्ये हा दर देशाचा २८, महाराष्ट्राचा १६ आणि केरळचा ६ होता. राज्याच्या सरासरीने ७५ जन्मांमागे अपेक्षित मृत्यू येतात १.२.

पण १.२ मृत्यू होत नाहीत. शून्य होतात, एक होतो, दोन होतात. विरळ घटनांची अशी विभागणी फ्रेंच गणितज्ञ पॉयसाँचं सूत्र सांगतं. शून्याची शक्यता म्हणजे ई (सुमारे २.७१८) या संख्येचा उणे १.२ वा घात, म्हणजे ०.३०. तिला १.२ ने गुणलं की एका मृत्यूची शक्यता मिळते, ०.३६. पुन्हा १.२ ने गुणून दोनाने भागलं की दोन मृत्यूंची, ०.२२. उरले ०.१२, ते तीन किंवा जास्त मृत्यूंचे. आता अगदी सारखं काम करणारी, सारख्याच वस्तीची शंभर उपकेंद्रं डोळ्यांपुढे आणा. त्यातल्या तिसांत यंदा पाटी लागेल, ‘शून्य बालमृत्यू’. बारांत तीन किंवा जास्त मृत्यू होतील आणि दर ४० किंवा त्याहून वर जाईल. पुढच्या वर्षी हीच चिठ्ठी नव्याने निघेल आणि नावं बदलतील. सत्कारही नशिबाचा, नोटीसही नशिबाची.

३०,००० वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही फारसा दिलासा नाही. ४५० जन्म, अपेक्षित मृत्यू ७.२. निव्वळ योगायोगाने हा आकडा २ ते १२ च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, म्हणजे दर ४ पासून २७ पर्यंत. मातामृत्यूंचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. २०१८-२० मध्ये ते महाराष्ट्रात ३३ होतं; त्या हिशोबाने एका उपकेंद्रात सरासरी चाळीस वर्षांतून एक मातामृत्यू. तो झाला त्या वर्षीचं प्रमाण १,३३३ निघेल! म्हणून तिथे दर काढत बसत नाहीत, प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करतात.

योगायोग निदान लबाड नसतो. नोंदीतली गळती मात्र एकाच दिशेने ओढते, आकडा खालीच आणते. देशाच्या हजारी २८ पैकी १५ मृत्यू पहिल्या आठवड्यातले होते. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. पहिला आठवडा धोक्याचा हे जुन्या बायकांनी बरोबर हेरलं होतं, कारण तेवढं चुकलं. अपुरे दिवस, कमी वजन, जन्मताना कोंडलेला श्वास आणि जंतुसंसर्ग ही खरी कारणं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हेही तसंच खोटं. दिवस पूर्ण भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

गळती होते ती नेमकी या आठवड्यात. बाळाने दोन श्वास घेतले आणि गेलं, की कागदावर ‘उपजत मृत्यू’ लिहून मोकळे. व्याख्या मात्र स्पष्ट आहे: श्वास, हृदयाचे ठोके, नाळेतली धडधड किंवा ऐच्छिक स्नायूंची स्पष्ट हालचाल, यांतलं एकही लक्षण दिसलं तर तो जिवंत जन्म. एखाद्या रजिस्टरात पहिल्या आठवड्यातले मृत्यू जवळजवळ नाहीत आणि उपजत मृत्यू मात्र भरपूर आहेत असं दिसलं, तर संशय घ्यावा. दुसरी गळती माहेरची. नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, बाळ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात जातं, आणि सासरच्या सेविकेच्या वहीत दोन्ही रकाने कोरे.

किती सुटलं ते मोजायची सुंदर युक्ती चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांडली. आशाच्या यादीत ६० जन्म, अंगणवाडीच्या यादीत ५०, दोन्हींत सामाईक ४२. अंगणवाडीच्या ५० पैकी ४२ आशाला सापडले, म्हणजे तिची पकड ८४ टक्के. मग तिचे ६० हे एकूण जन्मांच्या ८४ टक्के, एकूण ७१. दोन्ही याद्या मिळून नावं ६८ च, तेव्हा तीन दोघींच्याही हातून निसटले. अट एकच, याद्या स्वतंत्र हव्यात. दोघींनी ओट्यावर बसून याद्या जुळवल्या की सगळी नावं सामाईक होतात आणि गणित सांगतं, काहीच सुटलं नाही. शिवाय पहिल्याच दिवशी गेलेलं बाळ बहुधा दोन्हींकडून सुटतं, त्यामुळे खरा आकडा या उत्तराहूनही मोठा असतो.

बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून नोंद होत नाही असा अनेक घरांचा समज आहे. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्म नोंदवता येतो. मुदत २१ दिवसांची. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं तर दोन अहवाल भरायचे: नमुना १ जन्माचा आणि नमुना २ मृत्यूचा. नमुना ३ उपजत मृत्यूसाठी आहे, तो इथे लागत नाही.