पाणी दिसतंय, मग वीज का गेली?

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीवरच्या करिबा धरणातलं वापरण्याजोगं पाणी ५ टक्क्यांच्याही खाली गेलं आणि झिंबाब्वेला आपल्या बाजूच्या वीजघरातली निर्मिती थांबवायला सांगण्यात आलं. जलाशय मात्र तेव्हाही क्षितिजापर्यंत पसरलेला होता. असं काही झालं की लोकांना संशय येतो : समोर एवढं पाणी असताना वीज नाही, म्हणजे यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे!

उत्तर आहे पाण्याच्या उंचीत. करिबात एकूण सुमारे १८० घन किलोमीटर पाणी मावतं, पण वीजघराच्या उपयोगाचं असतं ते त्यातलं सुमारे ६५. पातळी ४८८.५ मीटरवरून ४७५.५ मीटरवर उतरली, की वीजनिर्मितीसाठी पाणी वापरण्याची मर्यादा संपते. म्हणजे दोन्ही देशांना करिबातून मिळणारी वीज अवघ्या १३ मीटर जाडीच्या थरावर चालते. खाली उरतो तो मृतसाठा, म्हणजे वीजघराला न वापरता येणारं पाणी.

शाळेतलं सूत्र आठवा : स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी १०० मीटर खाली आलं तर ९ लाख ८० हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम पाव युनिट वीज मिळते. धरणाची पातळी उतरून हीच उंची ७० मीटर झाली, तर त्याच हजार लिटरमागे ३० टक्के वीज कमी. दुष्काळात पाणी तर घटतंच, शिवाय उरलेल्या प्रत्येक लिटरची ताकदही घटते.

एवढ्यावर भागत नाही. उंची घटली की पाण्याचा वेगही घटतो, तोही उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे टर्बाइनमधून सेकंदाला कमी पाणी जातं. ऊर्जा उंचीच्या प्रमाणात आणि प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून टर्बाइनची कमाल क्षमता उंचीच्या दीड घाताने बदलते. उंची ७० टक्के राहिली की क्षमता ५९ टक्क्यांवर येते. अमेरिकेतल्या हूवर धरणावर पातळी एक फूट उतरली की सुमारे ६ मेगावॉट क्षमता जाते, असा तिथला हिशोब आहे. २०२२ च्या जुलैमध्ये तिथला जलाशय १९३० च्या दशकात भरल्यानंतरच्या नीचांकी पातळीवर होता. त्यातून धरणाची दरी असते नरसाळ्यासारखी, वर रुंद आणि खाली चिंचोळी. सुरुवातीला पातळी सावकाश उतरते, शेवटी शेवटी तेवढ्याच उपशाने भराभर कोसळते. गाफील राहिलेलं प्रशासन इथेच फसतं.

झांबियाची ८० टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून येते. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. देशाची कमाई तांब्यावर, आणि तिथली कोंकोला खाण जगातल्या सर्वांत ओल्या खाणींपैकी एक. वर पाऊस नसला तरी खाणीत भूजल झिरपतच राहतं. पंप बंद पडले तर खाण बुडेल. म्हणजे वर दुष्काळ असतानाही तिथे वीज लागते ती खालचं पाणी उपसायला!

शेतातल्या विहिरींवर हेच सूत्र उलटं चालतं. २० मीटरवरून हजार लिटर पाणी वर आणायला लागणारी ऊर्जा २०० मीटरवरून आणताना दहापट होते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर एका युनिटपेक्षा जास्त. वीज कमी बनते आणि नेमकी तेव्हाच जास्त लागते. अशा वेळी फांदी हातात धरून पाण्याची जागा दाखवणाऱ्यांचं फावतं. बहुतेक ठिकाणी कुठे ना कुठे खोलवर पाणी असतंच, त्यामुळे त्यांची फांदी ‘खरी’ ठरते. किती खोल, किती पाणी आणि किती दिवस टिकेल, हे फांदी सांगत नाही. कर्ज काढून बोअर मारणाऱ्या कुटुंबाला याच तीन उत्तरांची गरज असते, म्हणून या प्रकाराची मला मनस्वी चीड येते.

दुष्काळाचा फटका शहराच्या तिजोरीलाही बसतो. पाणीपुरवठ्याचा खर्च बहुतांशी ठरलेला असतो : नळवाहिन्या, शुद्धीकरण, पगार, कर्जाचे हप्ते. वसुली मात्र वापरावर होते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये दुष्काळामुळे १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. तीन वर्षांत शहराचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि पाण्याच्या विक्रीतून येणारा पैसाही आटला, म्हणून दर वाढवावे लागले. नागरिकांनी शहाणपणाने पाणी वाचवलं, हे कौतुकाचंच. पण दर आकारण्याची पद्धत तीच ठेवली तर काटकसरीची शिक्षा त्यांनाच होते. शिवाय गटारांतून कमी पाणी वाहिलं की मैला साचतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. गटाराच्या छताला चिकटलेले जीवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते काँक्रीट खातं. ते दुरुस्तीचं बिल काही वर्षांनी येतं.

पाऊस परतला की सगळं सुरळीत होईल, हाही गैरसमजच. पहिलं पाणी कोरडी माती पिते. झांबेझीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो, पण ते पाणी वाटेतल्या बारोत्से पूरमैदानात पसरून रेंगाळतं आणि व्हिक्टोरिया धबधब्यापाशी नदीला सर्वाधिक पाणी येतं ते एप्रिलच्या सुमारास. करिबा त्याच्याही खाली आहे. तोवर जोरदार सरी कोसळत असतानाही झांबिया-झिंबाब्वेत भारनियमन चालूच राहू शकतं.